न मोजलेला फटका

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं.

यातला शेवटचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलाय. त्याआधीचं सगळं ज्यांच्या तोंडून ऐकलं ते माझे भावोजी, हेमचंद्र. माझ्या मावसबहिणीचे, शुभदाताईचे यजमान. हा माणूस हाडाचा अकाउंटंट आहे. थाप मारायची वेळ आलीच तर आधी दोनदा तपासून घेईल.

आणि हो, अमावस्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला शेवटचा रविवार, भर दुपार, डोक्यावर सिंगापूरचं ऊन. जागा म्हणाल तर इथल्या एका लहानशा गोल्फ क्लबचं सतरावं होल. क्लबचं नाव सांगत नाही. तो आता राहिलेलाही नाही.

भावोजींचं सगळं आयुष्य एका शब्दात मावतं. दुसरा.

पुण्याला शाळेत दुसरे. कॉलेजच्या टेबल टेनिसमध्ये दुसरे. ऑफिसात बढतीच्या रांगेत कायम दुसरे. आणि क्लबच्या चॅम्पियनशिपमध्ये तर वर्षानुवर्षं दुसरे. पहिल्याचं नाव क्लबच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत लागायचं. दुसऱ्याला चांदीचा मुलामा दिलेली वाटी मिळायची. टॅम्पिनीसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये या वाट्या इतक्या साठल्या की ताई त्यांत चटणी वाढायला लागली.

“त्यात नको वाढूस गं,” भावोजी चिडायचे.

“मग पहिले या. फळ्यावर काही मी चटणी वाढणार नाही.”

आम्ही सगळे हसायचो. ते हसायचे नाहीत. गेल्या वर्षी तर त्यांनी त्या वाट्या उचलून माळ्यावर टाकल्या, आणि ताईशी दिवसभर बोलले नाहीत.

कारण क्लबला नोटीस आली होती. जमिनीची मुदत संपत होती. सरकार जागा परत घेणार, तिथे नवे फ्लॅट उठणार. म्हणजे त्या वर्षीची चॅम्पियनशिप शेवटची. फळ्यावर एकच ओळ रिकामी होती.

एकच...

ती ओळ भावोजींना हवी होती. माणसाला कशाचा ध्यास लागेल सांगता येत नाही. कुणाला बंगला हवा असतो, कुणाला पद. यांना एक सोनेरी ओळ हवी होती, तीही वर्षभरात जमीनदोस्त होणाऱ्या भिंतीवर.

त्या रविवारी त्यांच्याबरोबर खेळायला होते डॉक्टर कोह. दातांचे डॉक्टर, निवृत्त, आवाज मोठा, हसू त्याहून मोठं. गोल्फमध्ये पंच नसतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. जोडीदार तुमचे फटके लिहितो, तुम्ही त्याचे. पण जोडीदार बहुतेक वेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आपला बॉल शोधत असतो. तेव्हा चूक झाली, मारण्याआधी बॉल हलला, तर आपली आपण सांगायची आणि एक फटका वाढवून घ्यायचा. कुणी पाहिलेली नसली तरी. सगळा खेळ त्या एका सवयीवर उभा आहे.

सोळावं होल संपलं आणि सायरन वाजला. विजांचा. इथे आभाळ जरा काळवंडलं की खेळ थांबवून आडोशाला जावं लागतं. दोघं पत्र्याच्या शेडमध्ये बसले. कोहनी फोन पाहिला.

“डेस्मंडचं संपलं. तू एका फटक्याने पुढे आहेस. उरलेली दोन होलं नीट खेळ, कप तुझा लाह!”

डेस्मंड लिम म्हणजे गतविजेता. आणि त्या क्लबचा जुना नियम असा की बरोबरी झाली तर कप गतविजेत्याकडेच राहायचा. म्हणजे एक फटका जरी वाढला, तरी भावोजी पुन्हा दुसरेच.

हातातोंडाशी आलेला घास. आणि वर हा सायरन.

कोहना शांत बसणं ठाऊकच नाही. ते इंग्रजीत बोलत होते, मी आपलं मराठीत सांगते. ‘लाह’ तेवढं इथलं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागणारं.

“बारच्या पॅसेजमधला तो दाढीवाला फोटो बघितलायस ना? ह्यू लॉकहेड. तुझा पूर्वज!”

“माझा?”

“तोही कायम दुसरा!” कोह खदाखदा हसले. “स्कॉटलंडचा. एकोणिसाव्या शतकातला. वकिलाचा मुलगा, खाऊनपिऊन सुखी, म्हणून पैशासाठी नाही खेळायचा. हौशी. पण धंदेवाईक खेळाडूंनाही घाम फोडायचा. फक्त जिंकायचा नाही. एका वर्षी सगळं जमून आलं. शेवटची दोन होलं उरली आणि हा पुढे. बॉल झुडपाशी गेला. त्याने मागे स्टिक टेकवली आणि बॉल हलला. एवढासा. कुणी पाहिलं नाही. पण हा म्हणाला, माझा एक फटका वाढवा. मग पुढचा सोपा फटका चुकला, आणि कप गेला.”

“मग?”

“मग काय, टाळ्या! प्रामाणिक लॉकहेड! लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यानंतर तो कधीच जिंकला नाही. जिथे जाईल तिथे तेच. प्रामाणिक लॉकहेड, प्रामाणिक लॉकहेड. वैतागून नोकरी धरून इथे आला. हे टेकाड तेव्हा त्याच्या कंपनीचा मळा होतं. इथेच खड्डे खणून एकटा खेळायचा म्हणे. तापाने गेला, तेव्हा सारखी एकच बडबड. कुणी पाहिलं नव्हतं... मी गप्प का नाही बसलो... मी गप्प का नाही बसलो...”

कोहनी एकदम जीभ चावली.

“सातव्या महिन्यात मेलेल्यांची नावं घेऊ नयेत. माझी बायको इथे असती तर माझे दात पाडले असते.”

चिनी पंचांगाचा सातवा महिना म्हणजे मेलेली माणसं मोकळी फिरण्याचा महिना. शेडबाहेरच्या झाडाखाली मैदानावरच्या कुणीतरी उदबत्त्या खोचल्या होत्या. पाच-सहा संत्री ठेवली होती. इथे राहणाऱ्याला त्यात नवल नसतं.

पण भावोजींचं डोकं भणभणलं होतं. त्यांना त्या दाढीवाल्याचा राग आला, दया आली, आणि स्वतःचाही संताप आला. ते पटकन बोलून गेले...

“शेवटी म्हणाला ते बरोबर होतं त्याचं. मी असतो तर गप्प बसलो असतो.”

बास. एवढंच वाक्य.

झाडावरच्या मैना एकदम गप्प झाल्या...

मग शेडच्या मागे पावलं वाजली. जड बुटांची. खडीवरून कुणीतरी सावकाश चालत आलं, आणि बरोबर भावोजींच्या पाठीमागे, पत्र्याच्या पलीकडे, थांबलं.

“कोण आहे?” भावोजींनी विचारलं.

“कुठे कोण आहे?” कोह फोनमधून मान वर न काढता म्हणाले.

भावोजी उठून मागे गेले. कुणी नव्हतं.

आणि तिथे खडी नव्हतीच. नुसतं गवत होतं...

खेळ सुरू झाल्याचा सायरन वाजला. सतराव्या होलवर भावोजींचा पहिलाच फटका उजवीकडे झाडांत गेला. व्हायचं तेच झालं, असं म्हणत ते चरफडत निघाले. कोहचा बॉल पार डाव्या अंगाला होता. उंच गवतात भावोजी एकटे.

बॉल सापडला. अगदी वाईट जागी नव्हता. पण तिथे वास येत होता. तंबाखूचा. जुन्या पाइपमधला, गोडसर, करपट. इथे मैदानावर सिगरेटलासुद्धा बंदी आहे.

त्यांनी श्वास घेतला. बॉलच्या मागे स्टिक टेकवली.

आणि बॉल हलला...

अर्धा वळसा. एवढासा.

कुणी पाहिलं नव्हतं.

भावोजींना मोह झाला. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून सांगितलं. एका क्षणात तो फळा डोळ्यांसमोर आला. पण तो क्षणच. वर्षानुवर्षं दुसरा येणारा माणूस असला तरी चोर नव्हता तो. त्यांनी हात वर केला.

“कोह!”

“काय?” लांबून आवाज आला.

“माझा एक...”

पुढचा शब्द आलाच नाही.

घसा बसला नव्हता. श्वास नीट चालला होता. ओठ हलत होते. पण आवाज जिथून निघतो तिथे कुणीतरी आतून कडी लावून घेतली होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. गळ्याच्या शिरा ताणल्या.

आणि कानाशी, अगदी कानाला लागून...

“व्हिश्ट...”

थंड श्वास. तंबाखूचा वास.

भावोजी गर्रकन वळले. मागे कुणी नव्हतं. फक्त उंच गवत दोन जागी दबलेलं होतं. शेजारी शेजारी, बुटांच्या मापाचं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू पुन्हा उभं राहिलं...

“काय झालं? साप?” कोह ओरडले.

“नाही!” भावोजी म्हणाले.

आणि दचकले. हा शब्द स्पष्ट आला होता.

“मग खेळ ना लाह!”

त्यांनी बॉल बोटाने मूळ जागी सरकवला आणि कसाबसा फटका मारला. बॉल झाडांच्या फटीतून सरळ निघाला आणि झेंड्यापाशी जाऊन थांबला. असा फटका त्यांना आयुष्यात जमला नव्हता. कोहनी तिकडून शिट्टी वाजवली. भावोजींना रडू यायचं बाकी होतं.

अठराव्या होलपर्यंत त्यांनी किती वेळा प्रयत्न केला ते त्यांनाच माहीत. “पाणी आहे का?” येत होतं. “फार उकडतंय” येत होतं. तेवढं एक वाक्य सोडून सगळं येत होतं. कोहना वाटलं, जिंकायच्या भीतीने हा माणूस गडबडलाय. ते पाठीवर थाप मारत राहिले.

पण भावोजी अकाउंटंट आहेत. जीभ चालत नसेल तर पेन्सिल चालेल. कोहनी कार्डावर सतराव्या होलपुढे चार लिहिले होते. भावोजींनी ते खोडून ठळक पाच केले. दोनदा गिरवले. सही केली. कार्ड स्वतःच्या हातांनी समितीच्या टेबलावर ठेवलं आणि सुटलो म्हणून श्वास सोडला.

टेबलापलीकडच्या बाईंनी मोठ्याने आकडे वाचले.

“सतरावं... चार.”

“दाखवा,” भावोजींनी कार्ड ओढून घेतलं.

चार. कोहच्या हस्ताक्षरातला. खाडाखोड नाही. गिरवलेलं नाही. खाली त्यांची सही मात्र होती...

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना स्टेजवर नेलं. कप हातात दिला. माइक पुढे केला. भावोजींनी सगळं बळ एकवटलं.

“मित्रांनो, हा कप माझा...”

माइक नुसता खरखरला.

लोक वाट पाहत होते. भावोजींचे ओठ हलत होते, चेहरा लाल झाला होता. त्यांनी जोरजोरात मान हलवली. दोन्ही हातांनी नाही, नाही केलं. कप टेबलावर ठेवला आणि स्टेजवरून उतरून चालू लागले.

लोक उठून उभे राहिले. टाळ्या आणखी वाढल्या. किती नम्र माणूस! डेस्मंड लिमने तर मिठी मारली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कप कोहनी आठवणीने भावोजींच्या गाडीच्या डिकीत ठेवला होता.

घरी आल्यावर भावोजींनी ताईला सगळं सांगितलं. सलग. एकही शब्द अडला नाही.

“अहो, मग तिथे काय धाड भरली होती?” ताई म्हणाली.

“तेच तर सांगतोय! तिथे येत नाही. इथे येतंय. तुला सांगून उपयोग काय? तू कप थोडीच काढून घेणार आहेस?”

“मी सांगते उद्या. माझं तोंड कोण धरतंय बघू.”

ताई धडाडीची बाई आहे. सकाळी चहा ठेवून तिने क्लबला फोन लावला. नमस्कार चमत्कार झाले. मग ती मुद्द्यावर आली. मी तिथे नव्हते, हे तिने नंतर सांगितलं. ती बोलत होती. स्वतःच्या मते बोलत होती. आणि पलीकडून नुसतं “हॅलो? हॅलो, मॅडम? आर यू देअर?”

चहा उतू गेला. ताईने फोन ठेवला आणि नंतर कधी तो विषय काढला नाही.

भावोजींनी मेल केली. सविस्तर, मुद्देसूद, अकाउंटंट करतो तशी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमची मेल रिकामी आली आहे, पण पुन्हा एकदा अभिनंदन!

नाव फळ्यावर लागलं. सोनेरी अक्षरांत, शेवटच्या ओळीत. भावोजी ते बघायला गेले नाहीत. वर्षअखेरीस क्लब बंद झाला, पत्रे लागले, यंत्रं आली. फळ्याचं काय झालं कुणास ठाऊक. व्हिश्ट या शब्दाचा अर्थ त्यांनी शोधला तेवढा. स्कॉटलंडमध्ये पोरांना गप्प करायला म्हणतात.

“दुसरा होतो ना, तेव्हा ते तरी माझं होतं,” ते एकदा मला म्हणाले. “हे माझं नाही आणि परतही करता येत नाही. त्याने त्याची हौस माझ्या तोंडावर हात ठेवून भागवली. मी काय बोलून बसलो, क्षिप्रा! एका वाक्याची एवढी शिक्षा?”

मी मनातल्या मनात म्हणायचे, क्लब गेला, टेकाड खणलं गेलं, संपलं असेल.

मागच्याच महिन्यात मी क्लेमेंटीच्या माझ्या घरून त्यांच्याकडे जेवायला गेले होते. रविवार होता. आमटी-भात झाला, आणि जाईने कॅरम काढला. जाई त्यांची मुलगी, सेकंडरी टूमध्ये आहे, म्हणजे आपली आठवी. मी आणि भावोजी एका बाजूला, मायलेकी दुसऱ्या. कितीतरी महिन्यांनी भावोजी हसत होते. जाईला चिडवत होते. एका सोंगटीवर डाव आला होता.

“बाबा, यू आर गोइंग डाऊन लाह!”

“बघू बघू! आधी मार तर!”

जाई नेम धरायला वाकली. तिची बाही बोर्डावर घासली आणि पांढरी सोंगटी सरकली. भोकाच्या अगदी तोंडाशी. ताई पावडरचा डबा शोधत होती. भावोजी पाणी पीत होते. पाहिलं ते फक्त तिने आणि मी.

ही पोर अशी आहे की स्वतःचा फाऊल स्वतःच आधी ओरडते. तशीच ती थांबली. तोंड उघडलं. ओठांनी सॉरी म्हटलं, मला दिसलं...

आवाज आला नाही.

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने पुन्हा ओठ हलवले. हात गळ्याशी गेला. मग तिने मान किंचित कलती केली. कानाशी कुणीतरी काहीतरी सांगत असल्यासारखी.

खिडकी बंद होती. एसी चालू होता. आणि मला वास आला. गोडसर, करपट...

तिने स्ट्रायकर मारला. सोंगटी टप्पकन भोकात गेली.

“जिंकलो!” ताई ओरडली.

“वा! मारलीस गं पोरी!” भावोजींनी टाळी वाजवली. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

जाई माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले. मावशी, तू पाहिलंयस, तू सांग ना... असं ते डोळे विनवत होते.

मी सांगायला तोंड उघडलं.

...

जाई आता कुणाशीच खेळायला बसत नाही. कॅरम नाही, पत्ते नाहीत, शाळेतलं बॅडमिंटनही सोडलं. भावोजी काळजीने विचारतात, “क्षिप्रा, तुझ्याशी बोलते ती. काय झालंय तिला?”

मी म्हणते, काही नाही.

हे दोन शब्द मात्र अगदी सहज येतात.